मिस्ड कॉल, रेडिओ आणि मक्यावरची अळी : मलावीतल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी एका हंगामाचा कार्यक्रम कसा उभारावा

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली, गावोगाव श्रोतामंडळं बसवली आणि आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू केला. कार्यक्रम संपला की मंडळी तिथेच चर्चा करायची आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायची. मूळ कल्पना कॅनडाची. पुण्यानंतर १९६४-६५ मध्ये घानातही अशीच मंडळं करून पाहिली गेली. म्हणजे आज ज्याला 'इंटरॅक्टिव्ह रेडिओ' म्हणतात त्याच्या आफ्रिकेकडच्या वाटेवर आपलं पुणे आधीच लागून गेलंय.

तेव्हा प्रश्न टपालाने जायचा. आता मिस्ड कॉलने काही सेकंदांत जातो. पण प्रश्न आल्यावर तो कुणीतरी ऐकायचा, समजून घ्यायचा आणि पुढच्या कार्यक्रमात त्याचं उत्तर द्यायचं, हे काम सत्तर वर्षांत तसूभरही कमी झालेलं नाही. बहुतेक प्रकल्प नेमके इथेच आपटतात. सॉफ्टवेअर, सर्व्हर, टॅबलेट यांवर पैसा जातो आणि आलेले शेकडो आवाज ऐकायला माणूस नसतो.

आफ्रिकेत काम करणाऱ्या संस्थांमध्ये असलेली, कृषी पदवी घेऊन तिकडे निघालेली किंवा इथेच कम्युनिटी रेडिओ चालवणारी मराठी मंडळी बरीच आहेत. हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरण मलावीचं घेतलंय आणि पीक मका, कारण तिथलं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा. मका गेला की घर उपाशी. शिवाय संकटही आपल्या ओळखीचं आहे, लष्करी अळी. अमेरिका खंडातली ही अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत पहिल्यांदा सापडली, दोनच वर्षांत कर्नाटकात आली आणि तिथून आपल्याकडच्या मक्यात शिरली.

आधी हंगाम, मग कार्यक्रम

मलावीत पावसाळा एकच. जमिनीची तयारी आणि सरी-वरंबे ऑक्टोबरपर्यंत, पहिल्या चांगल्या पावसावर म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी, अळीचा मुख्य त्रास डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी एप्रिलपासून. त्यामुळे कार्यक्रम ऑक्टोबरच्या मध्याला हवेवर यायला हवा आणि मार्चपर्यंत चालायला हवा, साधारण वीस आठवडे. तयारी जुलैत सुरू करा. देणगीदाराचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून एप्रिलात 'पोंग्यात (मक्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) अळी शोधा' असं सांगणारे कार्यक्रम झालेले आहेत, आणि शेतकरी तेव्हा कणसं मोडत असतो.

जुलै-ऑगस्टात गावात बसून तीन गोष्टी काढायच्या. लोक कोणतं स्टेशन कधी ऐकतात, रेडिओ आणि फोन घरात कुणाच्या हातात असतो, आणि अळीवर सध्या ते काय करतात. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. पोंग्यात राख, माती किंवा वाळू टाकणं, अळ्या हाताने चिरडणं हे उपाय आफ्रिकेतले कित्येक शेतकरी स्वतःहून करत होते. ते ठाऊक नसताना तुम्ही थेट फवारणीवर बोलायला लागलात, तर ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस आपल्या शेतात आलेला नाही.

यावरून जॉर्ज अ‍ॅटकिन्स यांचा किस्सा सांगायलाच हवा. ते कॅनडाच्या सरकारी रेडिओवरचे शेतीचे निवेदक. १९७५ मध्ये झांबियात आफ्रिकेतल्या रेडिओवाल्यांबरोबर प्रवास करताना त्यांनी एकाला विचारलं, अलीकडे कशावर कार्यक्रम केलास? उत्तर आलं, ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा. आणि त्याच्या श्रोत्यांपैकी ट्रॅक्टर जवळपास कुणाकडेच नव्हता. त्यातूनच १९७९ मध्ये, आज फार्म रेडिओ इंटरनॅशनल या नावाने चालणाऱ्या संस्थेचं काम सुरू झालं. स्पार्क प्लगचा कार्यक्रम आजही होतो, फक्त विषयाचं नाव 'ड्रोन' असतं.

स्टेशन निवडताना

राष्ट्रीय वाहिनीची पोच मोठी, पण एका जिल्ह्यातल्या पावसावर ती बोलू शकत नाही. मचिंजी जिल्ह्यातल्या मुदझी वाथूसारखं कम्युनिटी स्टेशन लहान असतं, पण निवेदक त्याच भागातला असतो आणि लोक त्याला रस्त्यात गाठतात. माझा कौल लहान स्टेशनला. मात्र नकाशावर दाखवलेल्या वर्तुळावर विसंबू नका. एक साधा ट्रान्झिस्टर घेऊन निवडलेल्या प्रत्येक गावात, कार्यक्रमाच्या वेळेलाच, स्टेशन लागतं का ते पाहा. डोंगराआडच्या गावात खरखरच ऐकू येते. भाषेचंही तसंच. मध्य आणि दक्षिण भागात चिचेवा चालते, उत्तरेत तुंबुका. शहरी चिचेवात बोलणारा निवेदक घेतला की म्हाताऱ्या श्रोत्या हळूच गळतात.

स्टेशनशी करार लेखी करा. ठरलेली वेळ, आठवड्यातून एकदा मूळ प्रसारण आणि एकदा पुनःप्रसारण, निवेदकाचा गावात जाण्याचा खर्च, वीज गेल्यास डिझेल कुणाचं, आणि निवडणुकीच्या काळात ही वेळ कुणाला विकायची नाही. शेवटचं कलम हास्यास्पद वाटतं, पण तेच सर्वांत उपयोगी पडतं.

मिस्ड कॉलची व्यवस्था

मिस्ड कॉल आपल्याला शिकवायला नको. पूर्व आफ्रिकेत लोक 'बीप' करतात, घाना-नायजेरियात 'फ्लॅश' करतात. शेतकऱ्याचा पैसा जात नाही, लिहिता-वाचता यावं लागत नाही आणि दहा वर्षं जुन्या बटणाच्या फोनवरही चालतं. एसएमएसपेक्षा मिस्ड कॉल वरचढ ठरतो तो एवढ्यावरच.

साधारण रचना अशी. श्रोता नंबर लावतो, एक रिंग वाजते, यंत्रणा कॉल कापते. काही मिनिटांत यंत्रणा त्याला उलट फोन करते आणि ध्वनिमुद्रित आवाज विचारतो, प्रश्न सांगायचा आहे, मागचा कार्यक्रम ऐकायचा आहे, की या आठवड्याच्या प्रश्नाला मत द्यायचं आहे? याला आयव्हीआर म्हणतात. गॅस बुक करताना आपण तेच वापरतो. उभारणीसाठी अ‍ॅस्टेरिस्क किंवा रॅपिडप्रो ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. आफ्रिकाज टॉकिंगसारख्या कंपन्या काही देशांत तयार सेवा देतात. फार्म रेडिओ इंटरनॅशनलने रेडिओ स्टेशनांसाठी 'उलिझा' नावाची स्वतःची यंत्रणा बनवली आहे. अगदी लहान कामाला एक अँड्रॉइड फोन आणि वही पुरते, पण फक्त सुरुवातीला. कार्यक्रमात नंबर सांगितला की दोन मिनिटांत शंभर जण एकदम फोन लावतात. साध्या फोनवर एकाची रिंग वाजत असताना बाकीच्यांना 'व्यग्र' ऐकू येतं आणि ते आकड्यांत येतच नाहीत.

काही बारकावे सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात नसतात.

व्हॉइसमेल बंद करा. नाहीतर कापलेला कॉल व्हॉइसमेलकडे वळतो, जोडला जातो, श्रोत्याचे पैसे कटतात आणि 'रेडिओवाल्यांनी पैसे खाल्ले' ही बातमी बाजाराच्या दिवशी सगळीकडे होते. पहिल्या प्रसारणाआधी मलावीतल्या एअरटेल आणि टीएनएम या दोन्ही कंपन्यांच्या सिमवरून स्वतः मिस्ड कॉल देऊन शिल्लक तपासा.

उलट फोन कोणत्या नंबरवरून येईल ते कार्यक्रमात पुन्हा पुन्हा सांगा. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत, आणि लॉटरी लागल्याचं सांगून फसवणारे तिकडेही आहेत.

फोन उचलला नाही तर लगेच नाव गाळू नका. फोन बाजारातल्या टपरीवर चार्जिंगला लावलेला असू शकतो. त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, शेतावर निघायच्या आधी, एकदा प्रयत्न करा.

सूचना मुद्रित करताना आधी काम सांगा, मग आकडा. 'प्रश्न सांगायचा असेल तर १ दाबा' हे बरोबर. '१ दाबा, जर...' असं म्हटलं की ऐकणारा आकडा विसरतो. पर्याय तीनच्या वर नकोत. फोन कानाला लावून बटण सापडत नाही, म्हणून प्रत्येक पर्यायानंतर थोडी शांतता सोडा. आवाज कार्यक्रमातल्या निवेदकाचाच हवा.

खर्चाचा हिशेब आधीच मांडा, कारण उलट फोनचे पैसे तुमचे आहेत. समजा आठवड्याला ६०० जणांनी बीप केलं आणि प्रत्येकाशी सरासरी २ मिनिटं यंत्रणा बोलली. आठवड्याचे १,२०० मिनिटं, वीस आठवड्यांचे २४,०००. याला त्या देशाच्या मिनिटाच्या दराने गुणा. आकडा पाहून धडकी भरली तर संदेश ९० सेकंदांवर आणा, किंवा कंपनीशी घाऊक दर ठरवा. इथिओपियाने मोठ्या प्रमाणावर हे केलंय. तिथल्या सरकारी कृषी परिवर्तन संस्थेने इथिओ टेलिकॉमबरोबर २०१४ मध्ये ८०२८ ही निःशुल्क सेवा सुरू केली, शेतकरी फोन करून आपल्या भाषेत सल्ला ऐकतो. पण तेव्हा तिथे एकच टेलिफोन कंपनी होती आणि ती सरकारी. खासगी कंपन्यांच्या देशात एवढी सवलत गृहीत धरू नका.

अर्ध्या तासात काय असावं

मुलाखत, भाषण, गाणं, भाषण हा साचा सोडा. निम्म्याहून अधिक वेळ शेतकऱ्यांचा आवाज ऐकू यायला हवा. सुरुवातीला दोन मिनिटं ओळख, नंबर आणि मागच्या आठवड्याच्या मतदानाचा निकाल. मग सात-आठ मिनिटं शेतातलं ध्वनिमुद्रण. ते स्टुडिओत बोलावून नव्हे, मक्याच्या ओळीत उभं राहून करायचं. पानांची सळसळ, 'हे बघ इथे भुसा (म्हणजे अळीची विष्ठा) पडलाय' असं म्हणत पोंगा उघडणारी बाई, तिच्यामागे खोकणारं पोर, हे सगळं राहू द्या. त्यानंतर गावोगाव शेतीचा सल्ला देणारा सरकारी विस्तार अधिकारी पाच मिनिटं, आणि उरलेला मोठा वाटा श्रोत्यांच्या प्रश्नांना. शेवटी या आठवड्याचं मतदान.

मतदानाचा प्रश्न निवडण्यात कसब आहे. 'कार्यक्रम आवडला का?' विचारून काहीच हाती लागत नाही, सगळे 'हो' म्हणतात. 'या आठवड्यात शेतात फिरून पोंगे तपासलेत का? तपासले असतील तर या नंबरवर बीप करा, जमलं नसेल तर त्या नंबरवर' असं विचारलं की पुढचा कार्यक्रम ठरतो. जमलं नाही म्हणणारे जास्त निघाले तर नवा विषय थांबवून तपासणी कशी करायची तेच पुन्हा घ्यायचं. तपासणीची रीत रेडिओवर सांगणं सोपं नाही, म्हणून तुकडे करा. शेतात इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखं नागमोडी चालायचं, पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी दहा झाडं पाहायची. पानांवर बारीक खिडक्यांसारखे पारदर्शक चट्टे, पोंग्यात ओलसर भुसा. अळी सापडली तर डोक्यावर उलटा वाय, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. ठिपक्यांची खूण आधी सांगा, कारण अक्षर न ओळखणाऱ्यालाही चार मोजता येतात.

या मतांवरून 'इतके टक्के शेतकऱ्यांनी तपासणी केली' असं अहवालात लिहू नका. बीप करणारे कोण? ज्यांच्याकडे फोन आहे, चार्ज आहे आणि उत्साहही आहे. एकाच घरातून तीनदा बीप होतं आणि एका फोनवर चार घरं अवलंबून असतात. वेगळे नंबर किती, एवढं मोजा आणि त्याचा वापर पुढचा कार्यक्रम ठरवायला करा.

आलेला प्रश्न कुठे जातो

खरं काम इथे आहे, म्हणून एका प्रश्नाच्या मागे जाऊ. समजा गुरुवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला आणि रात्री आयव्हीआरवर एका बाईचा २० सेकंदांचा आवाज आला, 'पोंग्यात भुसा दिसतो, अळी दिसत नाही. काल राख टाकली. आता औषध मारू का?'

शुक्रवारी सकाळी एक ठरलेली व्यक्ती सगळे आवाज ऐकते. तिचं पद काहीही असो, तिला चिचेवा घरच्यासारखी यायला हवी आणि दुसरं काम नको. ती नोंदवहीत गाव, विषय आणि निकड लिहिते. हा प्रश्न 'अळी, उपाय' या खणात जातो, आणि तसेच आणखी चाळीस प्रश्न आहेत हे तिच्या लक्षात येतं. दुपारी विस्तार अधिकाऱ्याला ती चाळीस प्रश्न पाठवत नाही, तीन नमुने आणि एक सारांश पाठवते, कारण त्या एका माणसाकडे हजाराहून अधिक कुटुंबं असतात. त्याचं उत्तर येतं की अळी दिवसा पोंग्यात खोल बसते, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पोंगा उघडून पाहा, पीक केवढं झालंय आणि दहांपैकी किती झाडांवर ताजा भुसा आहे ते कळल्याशिवाय औषध नको. सोमवारी निवेदक त्या बाईला फोन करून हाच संवाद मुद्रित करतो. पुढच्या गुरुवारी तो हवेवर जातो आणि बाकी चाळिसांना आयव्हीआरवर तेच उत्तर आपोआप ऐकू येतं.

कीटकनाशकाबद्दल थेट प्रसारणात कुणालाही उत्तर देऊ देऊ नका, कितीही मोठा तज्ज्ञ असो. औषधाचं नाव, मात्रा, तोंडाला फडकं, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, हे तपासून मुद्रितच जावं. हवेत गेलेला चुकीचा आकडा परत घेता येत नाही. विक्रेत्या कंपनीचं प्रायोजकत्व आलं तर हा नियम दुप्पट कडक पाळा.

आठवड्याला दोनशे आवाजी प्रश्न आले तर ऐकून नोंदवायला दोन-तीन पूर्ण दिवस जातात. या माणसाचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा, सर्व्हरच्या वर.

बायकांपर्यंत पोचणं

शेतात खुरपणारी, पोंगे पाहणारी बाई आणि फोन खिशात असलेला पुरुष, ही वस्तुस्थिती आहे. काहीच केलं नाही तर बीप करणाऱ्यांत पुरुषच भरतात. स्त्रियांसाठी वेगळा नंबर ठेवता येतो आणि कार्यक्रमात त्यांचे प्रश्न आधी घेता येतात. पण सर्वांत उपयोगी पडतात ते जुनेच, श्रोत्यांचे गट. दहा-पंधरा बायकांच्या गटाला एक सौर रेडिओ आणि एक फोन द्या, म्हणजे त्या सोयीच्या वेळी एकत्र ऐकतील आणि गटाच्या वतीने प्रश्न पाठवतील. कार्यक्रमाची वेळ त्यांनाच विचारा. पाणी भरायची आणि चूल पेटवायची वेळ पुरुषांना विचारून कळत नाही. फोन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या घरी राहील हे गटासमोर ठरवा, घरी नवऱ्याने तो आपला करून टाकल्याची तक्रार नंतर सोडवणं अवघड जातं.

गावच्या लोकांना कार्यक्रम ठरवण्यात सहभागी करून घेतलं की नवी पद्धत उचलणारे वाढतात, याचा चांगला अनुभव फार्म रेडिओ इंटरनॅशनलच्या २००७ पासूनच्या संशोधन प्रकल्पात आला. घाना, माली, मलावी, टांझानिया आणि युगांडा या पाच देशांतली २५ स्टेशनं त्यात होती. ज्या गावांतल्या लोकांनी विषय निवडण्यापासून भाग घेतला, तिथे नवी पद्धत करून पाहणारे नुसतं ऐकणाऱ्या गावांपेक्षा बरेच जास्त निघाले. नुसतं ऐकणाऱ्या गावांतही कार्यक्रम न पोचलेल्या गावांपेक्षा जास्त होते. म्हणून साधा रेडिओ वाया जातो असं समजू नका.

नंबरांची जबाबदारी

सहा महिन्यांत तुमच्याकडे हजारो शेतकऱ्यांचे फोन नंबर, गावं आणि आवाज जमतात. बियाणं विकणाऱ्याला आणि मतं मागणाऱ्याला ती यादी सोन्यासारखी वाटते. मलावीत २०२४ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी नियम तोच. उलट फोनवर पहिल्यांदाच विचारा, 'तुमचा आवाज रेडिओवर लावू का?', आणि 'नाही' म्हणण्यालाही एक बटण द्या. यादी स्टेशनची की संस्थेची, प्रकल्प संपल्यावर तिचं काय, हे करारात लिहा.

मार्चनंतर

काढणीआधी निवडक गावांत प्रत्यक्ष जाऊन पाहा. कोण ऐकत होतं, कोण गटात होतं, कुणाला कार्यक्रम पोचलाच नाही, आणि या तिघांच्या शेतात तपासणीची सवय किती लागली. फोनवरची उत्तरं इथे चालत नाहीत, तपासणी कशी केली ते शेतात उभं राहून दाखवायला सांगा. मग स्टेशनच्या लोकांना बसवून पुढच्या वर्षीचं ठरवा. त्यांना कार्यक्रम पुढे न्यायचा असेल तर बहुधा निवेदकाचं मानधन आणि उलट फोनची मिनिटं एवढंच लागतं, आणि साठवण किंवा भुईमुगातली बुरशी असे विषय लगेच तयार असतात.

मधल्या काळात नंबर बंद होऊ देऊ नका. बराच काळ न वापरलेलं सिम कंपनी रद्द करते आणि तोच नंबर दुसऱ्याला देते. तुमचा नंबर तोवर गावातल्या दुकानांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. महिन्यातून एकदा रिचार्ज, एक कॉल, आणि आयव्हीआरवर 'पुढचा कार्यक्रम ऑक्टोबरात' एवढा संदेश लावून ठेवा.